गाडी जुनी, मग ऑइल जाड?

‘गाडी जुनी झाली, आता जरा जाड ऑइल टाकू.’ गॅरेजमध्ये हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. बाबांची अकरा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक गेल्या वर्षी माझ्या वाट्याला आली, तेव्हा मी ऐकलं. मेकॅनिककाका बोलत होते सोबत आलेल्या आत्तेभावाशी. गाडी चालवणार होते मी. प्रश्न विचारला तर अडाणी दिसू, म्हणून गप्प बसलेही मीच. बिलावर लिहिलं होतं फक्त ‘ऑइल चेंज’. कुठलं, ते नाही.

महिनाभरात सकाळी स्टार्ट केल्यावर पहिले काही सेकंद इंजिनच्या वरच्या बाजूने टकटक ऐकू यायला लागलं. मग एकदाचं ग्लोव्ह बॉक्समधलं मॅन्युअल काढलं. अकरा वर्षांत कोणी उघडलंच नसावं, पानं एकमेकांना चिकटलेली. त्यात छापलं होतं ५डब्ल्यू-३०. काकांना फोन करून विचारलं, तर टाकलं होतं २०डब्ल्यू-५०.

हे आकडे म्हणजे काय, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं? डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत जास्त वाहतं. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ला. नंतरचा आकडा, म्हणजे ३० किंवा ५०, सांगतो की इंजिन तापल्यावर, १०० अंशांना, ऑइल किती घट्ट राहील. ३०च्या ग्रेडला तिथे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सची हद्द आहे, ५०ला १६.३ ते २१.९ची. फरक थोडाथोडका नाही.

‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?’ हा पुढचा युक्तिवाद. पण इंजिनच्या हिशोबात थंडी वेगळी असते. चालू इंजिनमधलं कूलंट ९० अंशांच्या आसपास राहतं. म्हणजे मे महिन्यात चंद्रपूरच्या उकाड्यात रात्रभर उभी असलेली गाडीही सकाळी ‘थंड’च. तोवर ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. स्टार्टर मारल्यावर ते पंपाने वरपर्यंत पोहोचेतो धातूवर धातू घासतो. ऑइल जितकं घट्ट, तितका हा उशीर जास्त. शिवाय आजकालच्या कित्येक इंजिनांत टायमिंग चेनचा टेन्शनर आणि व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते. आणि घट्ट ऑइल ढवळायला पेट्रोलही जातं, म्हणजे ॲव्हरेजच्या नावानेही ओरड.

काकांचं सगळंच चूक होतं असं नाही. इंजिन झिजून ऑइल खात असेल, तर जाड ऑइलने ते खाणं थोडं कमी होतं, आवाजही दबतो. पण तो झाला जुगाड. काही मॅन्युअल्समध्ये बाहेरच्या तापमानानुसार दोन-तीन ग्रेड चालतील असा तक्ता असतो. जाड हवंच असेल तर त्यातलं सगळ्यात जाड घ्या ना. तक्त्याबाहेर कशाला जायचं?

ग्रेडइतकीच महत्त्वाची गोष्ट डब्यावर बारीक अक्षरांत असते. घरी बीएस-६ डिझेल गाडी असेल, तर तिच्या सायलेन्सरच्या वाटेत बहुतेक वेळा काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्याला कमी राख सोडणारं ऑइल लागतं. साधं ऑइल जळून राहिलेली राख त्या फिल्टरमध्ये साठत जाते, आणि तो बदलायचा खर्च ऐकून बाबा तुमच्या हातात पुन्हा किल्ली देणार नाहीत! नुसतं ‘५डब्ल्यू-३० द्या’ म्हणून इथे भागत नाही, मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशनही जुळायला हवं.

आणि बाइकवाल्यांनो, गाडीच्या ऑइलमधून उरलेलं अर्धा लिटर बाइकमध्ये ओतू नका. बहुतेक बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या ऑइलमधली घर्षण कमी करणारी रसायनं त्याला घसरवू शकतात. बाइकच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं शोधा. स्कूटरचं गणित वेगळं, तिथे एमबी चालतं.

माझी तक्रार मेकॅनिकपेक्षा त्या बिलाशी आहे. वडापावच्या गाडीवरही चटणी कुठली ते विचारतात, आणि इथे गाडीच्या पोटात काय गेलं याची नोंदही नाही. ग्रेड, स्पेसिफिकेशन आणि किती लिटर, एवढं प्रत्येक गॅरेजने बिलावर लिहायलाच हवं. ऑइल ड्रममधून मापून घालणार असतील तर आधी विचारा, सीलबंद डबा असेल तर समोर फोडायला सांगा. यात अपमान कोणाचाच नाही.

मी ते ऑइल काढून ५डब्ल्यू-३० टाकून घेतलं. टकटक थांबली. ती फक्त ऑइलचीच होती असं छातीठोकपणे मी सांगणार नाही, अकरा वर्षांच्या इंजिनमध्ये बरंच काही वाजतं. पण या वेळी आत्तेभावाला नेलं नव्हतं. काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मॅन्युअलच्या उघड्या पानाकडे, आणि कानामागचं पेन काढून बिलावर लिहिलं: ‘५डब्ल्यू-३०, साडेतीन लिटर.’