रविवारची बेगमी

मंडळी, आजचा विकांत-लेख कोडबद्दल नाही, जेवणाबद्दल आहे. तेव्हा 'एखाद्या नव्या फ्रेमवर्कवर लिही ना' म्हणणाऱ्यांनी पुढच्या शनिवारपर्यंत धीर धरावा.

परवाच्या रविवारी दुपारी माझ्या ओट्यावर सोळा डबे झाकणं उघडी टाकून गार होत पडले होते. तेवढ्यात सांगलीहून आईचा फोन आला. "झाली का बेगमी?" असं विचारलं तिने. दोन वर्षांपूर्वी हेच दृश्य व्हिडिओ कॉलवर बघून ती म्हणाली होती, "म्हणजे पंधरा दिवस शिळं खाणार?" आणि पुढे काही न बोलता फोन बाबांच्या हातात दिला होता. 'शिळं' ते 'बेगमी' हा प्रवास कसा झाला ते सांगतो. त्यातच माझा मुद्दा आहे.

सुरुवात झाली हापिसातल्या वार्षिक तपासणीने. उपाशीपोटी साखर ११२. शंभरच्या आत हवी. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. बाबांना चाळिशीत मधुमेह लागला, मी सत्ताविशीतच दारात उभा. वजन ८८. रात्री साडेनऊला घरी यायचं, मोबाईलवर बिर्याणी मागवायची आणि ती खाता खाता अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल घ्यायचा, हा दिनक्रम. शेजारच्या खुर्चीवरचा मित्र म्हणाला, "पॅलिओ कर." केलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शेती सुरू होऊन दहा-बारा हजार वर्षंच झाली, आपलं शरीर मात्र त्याआधीच्या लाखो वर्षांत घडलं. म्हणून अश्मयुगातला माणूस खायचा ते खा, असा हा विचार. १९८५ साली ईटन आणि कॉनर या दोघांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये यावर लेख लिहिला आणि २००२ साली लॉरेन कॉर्डेनच्या पुस्तकाने तो विचार घरोघर नेला. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, सुकामेवा चालतो. धान्य, डाळी, दूधदुभतं, साखर बंद. शेंगदाणा डाळींच्या कुळातला, म्हणून दाण्याचं कूटही बंद! मराठी माणसाचं दाण्याचं कूट काढून घेतलं की मागे काय उरतं, हा प्रश्न मला पहिल्याच आठवड्यात पडला. श्रावणात तर कहरच. भगर, साबुदाणा, बटाटा, दाणे. म्हणजे उपासाचं सगळं ताट एका फटक्यात बाद.

आता प्रामाणिकपणे सांगतो, या आहारामागची गोष्ट मला पटत नाही. मोझांबिकमधल्या एका गुहेत लाखभर वर्षांपूर्वीच्या दगडी हत्यारांवर रानज्वारीचे कण मिळाल्याचं २००९ साली प्रसिद्ध झालं. जॉर्डनमध्ये चौदा हजार वर्षांपूर्वीच्या चुलीत भाजलेल्या भाकरीचे जळके तुकडे सापडले, ते २०१८ साली जाहीर झालं. म्हणजे शेती यायच्या चार हजार वर्षं आधी माणूस भाकरी भाजत होता. आपल्याकडे प्रवरेकाठी नेवाशाला सांकळियांना अश्मयुगातली हत्यारं मिळाली. ती बनवणाऱ्याला माझा 'पॅलिओ' चिकन रस्सा दाखवला तर तो पळून जाईल. मिरची आणि टोमॅटो अमेरिकेतून, पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आले. ब्रॉयलर कोंबडी तर परवाची. (ह. घ्या.)

मग मला फरक का पडला? माझं उत्तर साधं आहे. पॅलिओ बाहेर मिळत नाही. ॲपवर जे मिळतं त्यात मैदा, भात किंवा साखर असतेच. त्यामुळे झक मारत स्वतः शिजवावं लागतं. आणि रोज रात्री साडेनऊला कांदा चिरायला घेणं मला तरी जमत नाही. दहा दिवस केलं, अकराव्या दिवशी पुन्हा बिर्याणी. तेव्हा कळलं की प्रश्न 'काय खावं' हा नव्हताच. भूक लागते त्या क्षणी हाताशी काय तयार आहे, हा होता. म्हणून रविवार आणि फ्रीझर.

पद्धत सांगतो, कारण मेलवर दोघा-तिघांनी विचारलंय. सकाळी दोन किलो चिकन, एक किलो खिमा, भाज्या. आधी कांदा-सुकं खोबरं-आलं-लसणाचं भरपूर वाटण. त्यातलं निम्मं बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवायचं, एक वडी म्हणजे एका माणसाची आमटी किंवा भाजी. मग चिकन रस्सा (बटाटा नको, बटाटा गोठवला की मागाहून भुसभुशीत लागतो), पालक घातलेला खिमा, लाल भोपळ्याचं सूप, फरसबी-गाजर. उकडलेली अंडी गोठवू नका, पांढरं रबरासारखं होतं. काकडी-कोशिंबिरीचा तर प्रश्नच नाही.

शिजल्यावर पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववायचं आणि दोन तासांच्या आत डबे आत गेले पाहिजेत. पाच ते साठ अंश हा जिवाणूंचा आवडता पट्टा, त्यातून पदार्थ लवकर बाहेर काढायचा. खिमा मी पिशवीत चपटा करून गोठवतो. गोळा गोठायला रात्र जाते, हळू गोठताना बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशी फाटतात आणि वितळल्यावर सगळं पाणचट लागतं. चपटं लवकर गोठतं. हेच क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाच्या अमेरिकन माणसाने शंभरेक वर्षांपूर्वी कॅनडातल्या लॅब्राडोरमध्ये पाहिलं. तिथल्या इनुइट लोकांनी पकडलेले मासे कडाक्याच्या थंडीत झटक्यात गोठायचे आणि महिन्यांनी वितळवले तरी ताज्यासारखे लागायचे. गोठवलेल्या अन्नाचा आजचा धंदा त्या निरीक्षणावर उभा आहे.

खायच्या आदल्या रात्री डबा फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात. दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम. उणे अठरा अंशांत जिवाणू मरत नाहीत, नुसते झोपतात, म्हणून ओट्यावर वितळवायचं नाही. गेल्या जूनमध्ये सोसायटीची वीज रात्रभर नि दुसरा अर्धा दिवस गेली, तेव्हा सहा डबे टाकावे लागले. बर्फाचे कण शिल्लक असतील तर चालतं, पूर्ण वितळून कोमट झालं असेल तर जीव जळला तरी फेकायचं. आणि प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी: काय आहे, कुठल्या तारखेचं.

आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे. संगणकशास्त्रात अवघड गोष्टी दोनच: कॅशमधला माल शिळा कधी झाला हे ठरवणं, आणि नावं ठेवणं. आईने माझ्या डब्यांच्या बाबतीत दोन्ही एका वाक्यात केलं होतं. शिळं म्हणाली, आणि नावंही ठेवली!

मी तेव्हा तिच्याशी शास्त्र घेऊन भांडलो. म्हटलं, आपल्या सोसायटीत स्वयंपाकाच्या मावशी सकाळी सातला भाजी करून जातात, ती डब्यात भरून हापिसात नेतात आणि दीड वाजता खातात. साडेसहा तास ती भाजी जिवाणूंच्या आवडत्या पट्ट्यात बसलेली असते, आणि तिला आपण 'ताजं' म्हणतो. दोन तासांत गार करून गोठवलेलं मात्र 'शिळं'. हे कुठलं गणित? मुद्दा बरोबर होता, अजूनही आहे. पण आई गप्प झाली ती पटल्यामुळे नव्हे. ती दुखावली होती, आणि ते कळायला मला वर्ष लागलं.

गेल्या वर्षी तिच्या उजव्या गुडघ्याची सांधाबदलाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सहज विचारलं, "दिवसाला किती तास उभ्या असता?" ती हसली. घरी येऊन मी हिशेब केला. सकाळ-संध्याकाळ मिळून ओट्याशी पाच तास धरा. लग्नाला एकतीस वर्षं. साडेछप्पन्न हजार तास होतात. वर्षाला दोन हजार तासांची नोकरी धरली तर अठ्ठावीस वर्षं पूर्णवेळ काम, सुट्टीशिवाय. गुडघे त्यानेच झिजले असं मी म्हणत नाही. वय असतं, वजन असतं, घराण्यातही असतं. पण बाबांना दोन्ही वेळा गरम पोळी तव्यावरून ताटात लागते, आणि ती 'लागते' म्हणताना आमच्या घरात कुणी कधी हिशेब मांडला नव्हता. मीसुद्धा नाही. तिच्या ताज्या अन्नाला नाकारून मी डबे दाखवत होतो, तेव्हा तिला ऐकू आलं ते एवढंच, की तुझ्या या तासांची गरज नव्हती.

शस्त्रक्रियेआधीच्या आठवड्यात सांगलीला जाऊन मी त्यांचा फ्रीझर भरला. पॅलिओबिलिओ नाही. आमटी, मुगाची उसळ, वांग्याचं भरीत, चिकन. भाकऱ्या शेजारच्या काकू देणार होत्या. बाबांनी पहिल्या दिवशी आमटी खाल्ली आणि विचारलं, "आज केलीस?" म्हटलं, "अकरा तारखेला." त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग आणखी एक वाटी घेतली. आई पलंगावरून हे बघत होती. म्हणाली, "वाळवणं घालायचो तसंच की हे. उन्हाळ्यात सांडगे, कुरडया, पापड, पावसाळ्याची बेगमी." फोडणीच्या पोळीवर वाढलेल्या घरात मी शिळ्याची बाजू मांडायला इंग्रजी लेख शोधत बसलो होतो, आणि शब्द तिच्याकडे तयार होता.

तर माझं मत असं. पॅलिओ करा किंवा करू नका. (मधुमेहाची औषधं चालू असतील किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) मी स्वतः वरण आणि दही परत सुरू केलंय, दाण्याचं कूट तर केव्हाच. साखर आता ९८ आहे, वजन ७९. श्रेय कशाला ते सांगता येत नाही, कारण चालणं, झोप, बाहेरचं बंद आणि धान्य कमी हे चारही बदल एकदम केले. डीबगिंगचा पहिला नियमच मोडला. पण दोन वर्षांनी टिकलंय ते रविवारचे चार तास आणि तारखेच्या चिकटपट्ट्या.

सगळं गोठवावं असंही नाही. पालेभाजी, तळलेला मासा, गरम भाकरी ताजीच खावी, त्यात वादच नाही. फक्त 'मला रोज ताजंच लागतं' असं म्हणताना ओट्याशी कोण उभं आहे ते एकदा वळून बघावं. तिथे तुम्ही स्वतः असाल तर जरूर म्हणा. आई, बायको किंवा पहाटे पाचला उठून चार घरं करणाऱ्या मावशी असतील, तर ते 'ताजं' दुसऱ्याच्या गुडघ्यांवर उभं आहे. आपल्या पिढीतल्या पोरांना हे टाळायला फार काही लागत नाही. एक फ्रीझर, सोळा डबे आणि रविवारची सकाळ. क्रिकेटची मॅच ऐकत कांदा चिरता येतो, मी चिरतो.

असो. लांबलं फार. तूर्तास थांबतो, उद्याचा खिमा खालच्या कप्प्यात काढून ठेवायचाय.