भोंगा म्हणजे झोप नव्हे!

ट्रकचालक नव्या यंत्रांवर नाराज आहे. कॅमेऱ्यावर फडके टाकतो, इशाऱ्याचा भोंगा बंद करतो. म्हणून तो अडाणी, असे मालकमंडळी म्हणतात. आम्हाला हे साफ अमान्य आहे.

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एक मसुदा काढला. नव्या ट्रक व बसमध्ये आपोआप लागणारा ब्रेक, लेन सुटल्याचा इशारा आणि चालक पेंगल्याचा इशारा सक्तीचा करावा, असे त्यात आहे. यंत्राशी आमचे वैर नाही. क्षणभर आधी लागलेला ब्रेक जीव वाचवतो, हे चालकाला कोणी शिकवायला नको. त्याचा प्रश्न वेगळा आहे. पेंगलो हे यंत्राला कळले, भोंगा वाजला, पुढे काय? गाडी उभी करून दोन तास झोपलो आणि माल उशिरा पोचला, तर पैसे कापले जाणार नाहीत याची हमी कोण देणार?

रेल्वेतील बंधूंना हे नवे नाही. इंजिनातील दक्षता यंत्र ठराविक सेकंदांत चालकाची हालचाल झाली नाही की दिवा लावते, भोंगा वाजवते, शेवटी ब्रेक लावते. पण सलग रात्रपाळ्यांचा थकवा ते उतरवीत नाही. म्हणूनच ‘कवच’ही हवे आणि पुरेशी विश्रांतीही हवी, असे आपण म्हणतो. टपाल खात्याच्या मेल मोटार सेवेतील चालकाला निदान ड्यूटीचा तक्ता असतो. ठेकेदाराच्या ट्रकवरील चालकाला तक्ता कोण देतो?

युरोपातील क्रम पाहा. तिथे चालकाचे तास नोंदणारे यंत्र व विश्रांतीचे नियम १९८५ पूर्वीपासून आहेत. साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास थांबावेच लागते. नव्या अवजड वाहनांना आपोआप ब्रेकची सक्ती झाली ती २०१५ मध्ये. आधी विश्रांती, मग यंत्र!

आपल्याकडे काय झाले? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. पण तो पाच वा अधिक कामगार असलेल्या मालकालाच लागू होता. त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या संहितेने हा आकडा दहावर नेला. एकदोन ट्रकांच्या मालकाकडे राबणारा चालक तेव्हाही बाहेर होता, आता आणखी कितीतरी जण बाहेर गेले. कायदा मागे आणि कॅमेरा पुढे, ही कसली सुरक्षा?

संशयाला आणखी एक कारण आहे. अपघाताची खबर न देता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद, या तरतुदीविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये देशभर चाके थांबली. १ जुलै २०२४ रोजी नवी न्याय संहिता लागू झाली, तेव्हा ते उपकलम सरकारला बाजूला ठेवावे लागले. जमावाच्या माराच्या भीतीने पळणाऱ्याला कैद, आणि त्याला रात्रंदिवस पळवणारा मालक मोकळा! मग केबिनमधला कॅमेरा उद्या आपल्याच विरुद्ध साक्ष देईल, असे चालकाला वाटले तर नवल काय?

आमची मागणी सरळ आहे. यंत्र जरूर बसवा. पण त्यात चालकाच्या डुलकीबरोबर तो किती तास चाकावर होता हेही नोंदवा, आणि जादा तासांसाठी मालकाला जबाबदार धरा. त्या नोंदीवरून चालकाचा पगार कापू नका. महामार्गावर विश्रांतीच्या सुरक्षित जागा उभारा. नियम ठरवताना चालकांच्या संघटनांना बोलवा.

रूळ असो वा रस्ता, थकलेल्या कामगाराला यंत्र जागे करू शकते; विश्रांती देऊ शकत नाही. ती लढूनच मिळवावी लागते!