खालाचे स्वप्न आणि हिचकॉक

पावसाळ्यात कारध्यात एक आकडा लहानथोर सगळ्यांना पाठ असतो, 245.50. पुलाजवळची वैनगंगेची ही धोक्याची पातळी, मीटरमध्ये. 2020 च्या ऑगस्टअखेर पाणी या आकड्याच्या वर गेले आणि आमच्याकडे व नदीपलीकडे भंडाऱ्यात घराघरांत शिरले. आमच्या खालाच्या घरातही शिरले. धान्य गेले, गाद्या गेल्या, माणसे वाचली. अल्हमदुलिल्लाह म्हणून सगळे कामाला लागले.

दोनेक महिन्यांनी खाला रात्री ओरडून उठू लागली. स्वप्न एकच. पाणी पायऱ्या चढते आहे आणि तिला दाराची कडी सापडत नाही.

घरात लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणाला, असर झालाय, आमिलाकडे न्या. तावीज आला, पाणी फुंकून आले, दर खेपेला पैसेही गेले. दुसऱ्या पक्षात मी एकटाच होतो आणि माझे सगळे ज्ञान सिनेमातून आलेले होते. आज सांगायला लाज वाटते, पण मी आमिलापेक्षा फार शहाणा नव्हतो.

हिचकॉकचा ‘स्पेलबाउंड’ (1945) मी तेव्हा नुकताच तिसऱ्यांदा पाहिला होता. ग्रेगरी पेकच्या नायकाची स्मृती गेलेली आहे आणि आपण खून केला असे त्याला वाटते. पांढऱ्या कापडावर काट्याने ओढलेल्या रेघा दिसल्या तरी तो हादरतो. इन्ग्रिड बर्गमन मनोविश्लेषक. ती त्याचे स्वप्न ऐकते. ते स्वप्न पडद्यावर रेखाटले साल्वादोर दालीने: पडद्यांवर रंगवलेले डोळे, ते कापणारी भली मोठी कात्री, चेहरा नसलेला माणूस आणि त्याच्या हातातले वाकडे चाक. मग एकेक खूण सुटत जाते. चाक म्हणजे रिव्हॉल्वर, रेघा म्हणजे बर्फावरच्या स्कीच्या खुणा. त्यामागे बालपणी झालेला भावाचा अपघाती मृत्यू. तो आठवला की माणूस बरा आणि खुनीही सापडला.

सिनेमा म्हणून झकास. निर्माता सेल्झनिक स्वतः मनोविश्लेषणाचे उपचार घेत होता आणि मे रॉम या मानसोपचारतज्ज्ञ बाईंचे नाव सल्लागार म्हणून श्रेयनामावलीत आहे. तरीही रहस्यपटाला शेवटच्या रिळात उत्तर द्यावेच लागते. त्यामुळे स्वप्न हा खुनाचा पुरावा होतो, डॉक्टर पोलीस होतो आणि रोगी म्हणजे एक कुलूपबंद खोली. ‘सायको’च्या (1960) शेवटीही एक डॉक्टर येऊन पाच मिनिटांत सगळा उलगडा करून जातो. मला तर ते भाषण प्रेक्षकांना घरी जाऊन झोप लागावी म्हणून ठेवलेले वाटते.

आपल्याकडे या वाटेने सर्वांत पुढे गेला तो ‘रात और दिन’ (1967). नर्गिस दिवसा घरंदाज सून आणि रात्री कोणी दुसरीच. सासूला ती भूतबाधा वाटते, मांत्रिक येतो. नवरा मात्र तिला डॉक्टरकडे नेतो. या भूमिकेसाठी नर्गिसला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भुताखेतांच्या सिनेमांच्या गर्दीत हिंदी पडद्याने ‘ही बाधा नाही, हा आजार आहे’ असे ठणकावून सांगितले, याचे मोल मी कमी करणार नाही. त्याच काळातला आपला राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (1964) हाही उत्तम रहस्यपट, पण त्यातला पेच कोर्टात लढवला जातो. मनाच्या तळघरात उतरायची हिंमत मराठी पडद्याने पुढे कितीतरी वर्षांनी, ‘देवराई’त (2004) केली आणि तिथे रहस्य नव्हते, आजार आणि तो सांभाळणारी बहीण होती.

तर मी खालाची इन्ग्रिड बर्गमन झालो. लहानपणी विहिरीत पडली होतीस का? दार कोणी बंद केले होते का? कडी म्हणजे नेमके काय? रोज नवे प्रश्न. तिसऱ्या दिवशी ती रडली आणि म्हणाली, “बेटा, कारण घेऊन मी काय करू? मला झोप पाहिजे.”

आणखी एक गोष्ट नंतर कळली. वाईट स्वप्न कोणाला सांगू नये, अल्लाहची पनाह मागावी आणि कूस बदलावी, ही हदीस तिला ठाऊक होती. म्हणून कित्येक आठवडे ती गप्प राहिली. माझी समजूत अशी की ही शिकवण वाईट स्वप्नाचे भाकीत करून भीती पसरवू नये यासाठी आहे. दुखणे हकिमाला सांगू नये, असा तिचा अर्थ नाही. हदीसमध्येच स्वप्नांचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि तिसरा म्हणजे माणसाच्या स्वतःच्याच मनातले बोल. खालाचे स्वप्न मला त्यातले वाटले. सूरह यूसुफमध्येही याकूब (अलैहिस्सलाम) लेकाला सांगतात, हे स्वप्न भावांना सांगू नकोस. म्हणजे प्रश्न कोणाला सांगायचे हा आहे. पुढे यूसुफ (अलैहिस्सलाम) बादशहाच्या सात गायींच्या स्वप्नाचा अर्थ लावतात तेव्हा कोणाचे गुपित फोडत नाहीत. सात वर्षे पेरा, धान्य कणसातच राखून ठेवा, असे काम सांगतात.

शेवटी खालाला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले. डॉक्टरांनी पूर, घर, झोप, भूक, सगळे शांतपणे विचारले. विहीर निघाली नाही, भाऊ निघाला नाही. गोळ्या सुरू झाल्या, अधूनमधून बोलायला बोलावले. सुधारायला वर्षाच्या वर लागले. यावर कोणी रहस्यपट काढणार नाही. आमच्यातले कितीतरी जण पहिल्या दोन आठवड्यांत ‘फरक नाही’ म्हणून उपचार सोडतात, त्यामागे पैसा आणि लाज आहेच, पण एका झटक्यात बरे होण्याची सिनेमाने लावलेली सवयही आहे. आमिलही तोच झटका विकतो. ज्यांना दवाखान्याची पायरी जड वाटते त्यांनी निदान 14416 या टेली-मानसच्या मोफत सरकारी क्रमांकावर बोलावे. मराठीत बोलता येते.

खालाला स्वप्न अजून पडते, वर्षातून एकदोनदा, बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये. परवा पाऊस लागून राहिला होता. तिने फोन करून विचारले, “पुलाजवळ पाणी किती आहे रे?” मी आकडा सांगितला. “मग अजून वेळ आहे,” म्हणाली, आणि धान्याच्या कोठ्या माळ्यावर चढवायला मला बोलावले.