घर किती क्विंटलचे?



३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आपल्या जिल्ह्यातली दगडमातीची घरे निजलेल्या माणसांवर कोसळली. तेव्हापासून माळवदाखाली निजताना भूमलाही मनात धास्ती असते. म्हणून आम्ही म्हणतो, सिमेंट-लोखंड ही कोरडवाहू शेतकऱ्याची चैन नव्हे, गरज आहे.

आता हिशोब पाहा. केंद्राने २०१६ मध्ये सपाट भागातल्या घरकुलाला १ लाख २० हजार रुपये ठरवले. त्यानंतर सिमेंट, गज, वाळू, गवंड्याची मजुरी सगळे वाढले; केंद्राचा आकडा तोच. राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, पण पुढच्या महागाईचे काय?

सिमेंटवर २०१७ पासून २८ टक्के जीएसटी होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये १८ टक्के झाला. व्यापारी भरलेला कर वळता करून घेतो. घर बांधणाऱ्या शेतकऱ्याला ती सोय नाही.

आमची मागणी सरळ आहे. अनुदान दरवर्षी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वाढवा. पहिल्या घराच्या सिमेंट-लोखंडावरचा कर परत करा.

बैठकीला येताना सिमेंट-लोखंडाच्या पावत्या आणि कापूस-ज्वारीच्या पट्ट्या सोबत आणा. एका घरापायी किती क्विंटल माल गेला, ते आपणच मांडू.