न वाजलेला बझर

शालेय विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून जाण्याचा योग मला अनेकदा येतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दालनात बहुधा एकच दृश्य दिसते. टेबलावर रंगवलेले खोके, मागे पुठ्ठ्यावर सर्किटची आकृती, आणि समोर उभा असलेला विद्यार्थी एका दमात म्हणत असतो, "हा ट्रान्झिस्टर, हा रोधक, हा धारक, ही ९ व्होल्टची बॅटरी." नामावळी संपते, बटण दाबले जाते, दिवा लागतो, आणि परीक्षक पुढच्या टेबलाकडे वळतात.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या प्रदर्शनात मीही असाच पुढे वळलो आणि चुकलो.

नववीतल्या एका मुलीने पावसाची सूचना देणारे यंत्र केले होते. पाऊस येताच बझर वाजावा आणि अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या वेळेवर आत नेता याव्यात, ही कल्पना. तत्त्व साधे आहे. धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना न टेकतील अशा ठेवायच्या. पाण्याचा थेंब त्यांना जोडतो. त्यातून अगदी थोडा प्रवाह ट्रान्झिस्टरच्या 'बेस' या टोकाला मिळतो आणि त्याच्या शंभराहून अधिक पट प्रवाह ट्रान्झिस्टर बझरमधून जाऊ देतो. तिने नामावळी म्हटली, पेल्यातले पाणी शिंपडले, बझर वाजला. 'नेहमीचाच प्रकल्प' असे मनाशी म्हणत मी गुण मांडले.

संध्याकाळी आवराआवर चालली असताना तिच्या पिशवीत एक फळी दिसली. फळीवर नुसते दोन खिळे ठोकलेले.

"हे काय ग?"

"ते आधीचं, सर. नळाच्या पाण्याने वाजायचं. पण पावसात ठेवलं तर वाजलंच नाही."

मग ती भराभर सांगू लागली. तिने पावसाचे पाणी बाटलीत साठवले. ते खिळ्यांमध्ये घातले, तर बझर जेमतेम कुरकुरला. त्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकले, तर खणखणीत वाजला! नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, म्हणून त्यातून वीज बऱ्यापैकी वाहते. पावसाच्या पाण्यात क्षार फार थोडे, म्हणून त्याचा रोध पुष्कळ जास्त. बेसला मिळणारा प्रवाह अपुरा पडत होता. तेव्हा खिळे सोडून तिने, दोन कंगव्यांचे दात एकमेकांत गुंतवावेत, तशा पत्र्याच्या पट्ट्या बसवल्या. पट्ट्यांमधले अंतर कमी झाले, समोरासमोरची लांबी वाढली, रोध घटला, आणि पावसातही बझर वाजू लागला.

"हे सकाळी का नाही सांगितलंस?"

"बिघडलेलं दाखवायचं नसतं ना, सर?"

निकाल तोवर लागून गेला होता.

विद्यार्थी मित्रांनो, माझे मत नेमके उलट आहे. प्रकल्प मांडणे म्हणजे भागांची ओळख करून देणे नव्हे. एक फरक लोकांच्या डोळ्यांदेखत घडवून दाखवणे, ही खरी मांडणी. खुद्द ट्रान्झिस्टरचे उदाहरण घ्या. २३ डिसेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी आपल्या वरिष्ठांना तो दाखवला. बोलण्याचा आवाज वाहून नेणाऱ्या सर्किटमध्ये त्यांनी हा नवा भाग कधी जोडला, कधी वगळला. जोडला की आवाज मोठा होई, वगळला की लहान. वाढलेला आवाज कानांनी ऐकू येत होता आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दिसतही होता. ब्रॅटन यांनी आपल्या वहीत तशी नोंद केली आहे.

त्या मुलीलाही हेच करता आले असते. खिळ्यांची फळी डावीकडे, पट्ट्यांची उजवीकडे, आणि दोन्हींवर एकाच बाटलीतले पावसाचे पाणी. एक गप्प, दुसरी बोलकी. "असे का?" हा प्रश्न मग प्रेक्षकच विचारतात. त्यानंतर मिठाची चिमूट, आणि सर्वांत शेवटी सर्किटची आकृती. तीन मिनिटे पुरतात. बाकी तयारी किरकोळ, पण विसरू नये अशी: अक्षरे दोन पावलांवरून वाचता यावीत, जादा बॅटरी खिशात असावी, आणि पाण्याच्या प्रयोगाजवळ घरातली २३० व्होल्टची वीज मुळीच आणू नये.

फसलेले दाखवले तर गुण जातील, ही भीती मात्र खोटी नाही. ती आम्हीच निर्माण केली आहे. म्हणून शिक्षकांना आणि परीक्षकांना माझी विनंती आहे, की पहिला प्रश्न "यात काय काय आहे?" असा न विचारता "करताना काय फसले?" असा विचारावा. तयार संच बाजारातून आणून जोडणारा बहुधा तिथेच अडखळतो. स्वतः धडपडलेल्याला मात्र थांबवावे लागते.

"पुढच्या वर्षी ही फळी टेबलावर ठेव," असे मी त्या मुलीला म्हणालो.

"पुढच्या वर्षी दहावी आहे, सर," ती म्हणाली आणि फळी पिशवीत घातली.

तुमच्या पिशवीत अशी एखादी फळी असेल, तर ती याच वर्षी बाहेर काढा.