न दिसणारं वजन

नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगाव लागतं. तिथून आत खोडदच्या परिसरात जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या आहेत, दूरवर पसरलेल्या मिळून ३०. त्या हायड्रोजन वायूच्या रेडिओ लहरी टिपतात. त्यावरून दीर्घिकेतला वायू किती वेगाने फिरतो ते कळतं. सूर्यमालेत बुध सेकंदाला ४७ किलोमीटर धावतो, लांबचा नेपच्यून जेमतेम ५. दीर्घिकेच्या कडेचा वायू मात्र मंदावतच नाही. दिसणाऱ्या ताऱ्यांचं आणि वायूचं वजन त्याला धरून ठेवायला पुरत नाही. उरलेलं, न दिसणारं, ते कृष्णद्रव्य.

नववीतल्या एका मुलीने विचारलं, “सर, द्रव्य कशाला? जागाच वाकलेली असेल तर?” घंटा होत आली होती. मी “तेच ते” म्हणून मोकळा झालो. चुकलं माझं. आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धांतात अवकाशकालाचं वाकणं म्हणजेच गुरुत्वाकर्षण. पण वाकवायला वस्तुमान किंवा ऊर्जा लागते. कृष्णद्रव्य हे वाकवणारं. मागून येणारा प्रकाशही तिथे जास्तच वळतो.

पोरीची शंका पोरकट नव्हतीच. १९८३ मध्ये मिलग्रोम यांनी गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलून पाहिला. एकेका दीर्घिकेला तो बराच लागू पडतो, दीर्घिकांच्या समूहांना अपुरा पडतो. आणि कृष्णद्रव्याचा कण अजून कुणाच्या हाती लागलेला नाही. सोमवारी वर्गात आधी हेच सांगणार आहे.