दहा बाय दहाचं जंगल

मुंबईत 'दहा बाय दहा' म्हटलं की आपल्याला चाळीतली खोली आठवते. मला चिखल आठवतो. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, चार कोपऱ्यांना पीव्हीसीचे पाइप ठोकलेले, भोवती नायलॉनची दोरी. ठाणे खाडीच्या काठाला माझ्या अशा बऱ्याच चौकटी आहेत. आमच्या भाषेत प्लॉट. 'नवी मुंबईत माझे प्लॉट आहेत' म्हटलं की समोरच्याचा चेहरा आधी खुलतो, मग पडतो. दोन स्थळं अशीच गेली आहेत, पण ते जाऊ दे.

जॉब काय, तर चौकटीतलं प्रत्येक झाड मोजायचं. जात कुठली, छातीच्या उंचीवर घेर किती, उंची किती. मग आत एक बाय एक मीटरच्या छोट्या चौकटी टाकून बोटभर रोपं मोजायची. पाण्याचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकायचा, उजेडाकडे धरायचा आणि खारटपणा वाचायचा. फोटो, नोंद, पुढचा प्लॉट. सहा महिन्यांनी पुन्हा तेच, त्याच जागी. ग्लॅमर शून्य. पाय बाहेर येतो आणि गमबूट चिखलातच राहतो, हे तर रुटीन.

ऑफिसचं टायमिंग आमच्याकडे चंद्र ठरवतो. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या आसपास, म्हणजे कामाला पहाटे पाचलाच चिखलात उभं राहायचं. खाडीत आतवर पाणी जरा उशिरा पोचतं आणि मोबाइलवर टाइड टेबल असतंच, तरी शनिवार-रविवारचा ढोबळ प्लॅन करायला हा पाढा अजून बेस्ट. माझ्याबरोबर येणारे कोळीवाड्यातले काका टेबलाकडे बघतही नाहीत. ''ताई, आज भांगाचं पाणी, जास्त चढणार नाय,'' म्हणतात. आणि खरंच नाही चढत.

खाडीचं बायोडेटा तसा भारी आहे. 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य, 2022 मध्ये रामसर साइट. फोटो अर्थात सगळे फ्लेमिंगोंचे. त्यांच्या मागे जी हिरवी बॉर्डर दिसते ना, ती माझी. त्यात जास्त करून तिवर. पानाला जीभ लावून बघा, खारट लागेल, कारण जास्तीचं मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकतं. अधूनमधून चिपी, काठाकाठाने काटेरी मारंडी. पांढऱ्या चिपीला महाराष्ट्राने 2020 मध्ये राज्य कांदळवृक्ष केलं, हे किती जणांना माहीत आहे?

आता खरी गंमत. दर वर्षी पावसाळा संपत आला, की माझा फोन वाजायला लागतो. ट्रान्सहार्बरच्या ट्रेनमधून कुणीतरी फोटो काढलेला असतो: तिवराचा अख्खा पट्टा तपकिरी, जाळल्यासारखा. 'केमिकल टाकलंय, कांदळवन मारलं, काहीतरी करा!' संशय चुकीचा म्हणणार नाही. या शहरात कांदळवन कसं कसं मारलं गेलंय ते आपण बघितलंय. 2005 पासून हायकोर्टाला त्यात पडावं लागलं, आणि 2018 मध्ये तर कोर्टाने कांदळवन तोडणं हे जगण्याच्या मूलभूत हक्काचं उल्लंघन ठरवलं. पण सप्टेंबरमधला तपकिरी रंग बहुतेक वेळा एका अळीचा असतो. हायब्लिया प्युएरा. सागाची पानं फस्त करणारी तीच ही. तिवरावर पडते, पानांची चाळण करते आणि शेजारच्या चिपीला हातही लावत नाही. ओळखायची खूण हीच: एकच जात उघडीबोडकी, बाकीच्या हिरव्यागार. काही आठवड्यांत नवी पालवी येते. फोटो तोवर हजार जणांनी फॉरवर्ड केलेला असतो. पालवीचा फोटो कुणीच पाठवत नाही.

मला झोप न येऊ देणारा प्लॉट वेगळाच आहे. नंबर नऊ. तिथली तिवरं मस्त हिरवी आहेत. कुणी फोन करत नाही. उपग्रहालाही काही खटकत नाही: युरोपच्या सेंटिनेल-2 च्या फोटोतला एक ठिपका दहा बाय दहा मीटरचा असतो, म्हणजे माझा प्लॉट म्हणजे अंतराळातून दिसणारा जेमतेम एक ठिपका. आणि तो ठिपका हिरवा आहे. फक्त खाली रोप नाही. गेल्या पावसाळ्यानंतर नाही, त्याआधीही नाही. झाडं आहेत, पोरं नाहीत.

कारण दोनशे पावलांवर आहे. खाडीचं पाणी आत आणणारा एक छोटा नाला, त्याच्या तोंडाशी भराव आणि डेब्रिज. भरतीचं पाणी कसंबसं आत येतं आणि बाहेर जात नाही. तिवराची फळं पावसाळ्यात गळतात, पाण्याबरोबर फिरतात, ओहोटीला चिखलात टेकतात आणि रुजतात. पाणी उतरलंच नाही तर टेकायचं कुठे? मोठ्या झाडांचाही नंबर लागेल. जमिनीतून पेन्सिलीसारखी वर येणारी त्यांची श्वासमुळं फार काळ पाण्याखाली राहिली की झाड गुदमरतं. सावकाश. आज तक्रार केली तर समोरचा म्हणतो, ''मॅडम, सगळं हिरवंच तर आहे.''

हिरव्याची आपल्याला भुरळच आहे म्हणा. वन सर्वेक्षणाच्या अहवालात महाराष्ट्राचं कांदळवन 2019 मध्ये 320 चौरस किलोमीटर होतं, 2021 मध्ये 324. आनंद आहे. पण ठाणे खाडीत गाळ साचतोय आणि त्यावर कांदळवन पुढे सरकतंय, उघडं चिखलमैदान कमी होतंय. फ्लेमिंगो जेवतो तो त्या उघड्या चिखलात. झाडीत नाही. म्हणून कुठल्याही कंपनीने हौसेने चिखलात रोपं लावायचा इव्हेंट ठरवला की माझ्या पोटात गोळा येतो. टी-शर्ट छान असतात, एवढं मात्र खरं.

नऊ नंबरचा रिपोर्ट दिलाय. नाल्याचं तोंड मोकळं करा, इतकीच मागणी. रोपं लावायची गरज नाही, पाणी आपली फळं आपण आणतं. अडचण अशी, की माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंत. पुढे फंडिंग आलं तर ठीक, नाही तर त्या प्लॉटची वही तिथेच थांबणार आणि नाला उघडून काय झालं ते कुणालाच कळणार नाही. दोन वर्षांचे आकडे हातात असून त्यांचा ट्रेंड होत नाही, हे दुखणं या लाइनमधल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. काकांना विचारलं, मी नसले तर पाइप तरी सांभाळाल का? म्हणाले, पाइप कशाला, रोपं मी पण मोजतो की. त्यांच्याकडे आता एक मोजपट्टी आणि शंभर पानी वही देऊन ठेवली आहे.

नोव्हेंबरच्या अष्टमीला दुपारी बारा वाजता नऊ नंबरला जायचंय. नाला अजून तसाच आहे.